तुमचा बाळकृष्ण पाण्यात ठेवला त्याविषयी

प्रिय विहीणबाई,

आधी नमस्कार, मग सगळ्यांची चौकशी, आणि मग जे सांगायचंय ते. एकदम मुद्द्यावर यायचं धाडस आज माझ्यात नाही, म्हणून चौकशी जरा लांबवणार आहे. तुम्ही ओळखालच.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? तिथे जिने नसावेत अशी माझी आपली कल्पना. तुमचे यजमान भेटले असतील. त्यांची साखर आता आटोक्यात आहे ना, की तिथेही लपून पेढे खातात? आमचे हे दिसले का कुठे? त्यांचा खोकला गेला असेल तर मला सुटल्यासारखं होईल. आणि माझ्या सासूबाईंच्या तब्येतीची मी विचारपूस केली म्हणून सांगा, पण त्यांच्यापासून जरा जपून राहा. पहिल्याच भेटीत त्या तुमच्या पोळ्यांना नावं ठेवतील. मनावर घेऊ नका. मी चाळीस वर्षं नाही घेतलं.

इकडे नितीन बरा आहे, दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरते एवढंच. ईराचे पुढचे दोन्ही दात पडले, हसली की अगदी माझ्यासारखी दिसते. माझं बीपी डॉक्टर सांगतात तसं वागतं, कधी कधी नाही वागत. आणि केतकी... तुमची लेक बरी आहे. जेवते, कामाला बसते, तुमच्या साड्यांचं कपाट उघडून परत लावते.

परवा गोकुळाष्टमी झाली. तुमच्याशिवायची पहिली. त्या दिवशी घरात जे झालं ते तुमच्यापासून लपवलं तर मला घास गिळवणार नाही. तुमचा बाळकृष्ण मी पाण्यात ठेवला होता, विहीणबाई. बेसबॉलसाठी.

थांबा, लगेच कपाळाला हात लावू नका. आधी आपल्या टीमचं ऐका.

यंदा आपली टीम पार गाळात गेली आहे. तुम्ही असतात तर पाहवलं नसतं. सुरुवातीला जरा बरं खेळली, मला वाटलं चला, यंदा काहीतरी करतील. मग जुलै सरता सरता जी हरायला लागली ती हरतेच आहे. बरं, सरळ हरावं ना माणसानं! नाही. आठ इनिंग पुढं राहायचं आणि नवव्या, शेवटच्या इनिंगला नांगी टाकायची. ताट वाढून झालं, मीठ वाढलं, आणि मग ताटच पालथं घालायचं, तसं.

आपले जावईबापू आठवतात का? तेच हो, सगळ्यांत महागडे, बॅट घेऊन आले की आधी टोपी नीट करतात, मग हातमोजे, मग परत टोपी. त्यांना हे नाव तुम्हीच दिलं होतंत, 'मानपान पाहिजे, काम नको' म्हणून. नितीन तेव्हा शेजारीच बसला होता, आणि तो तुमचा सख्खा जावई! बिचारा उठून आत गेला. तर ते जावईबापू यंदा तीन चेंडूंत परत येतात. येताना तोंड असं, जणू आपणच त्यांचं काही बिघडवलंय. आणि तो सतत काहीतरी चघळून थुंकणारा, ज्याला आपण 'पानवाला' म्हणायचो, तो आता शेवटच्या इनिंगला चेंडू टाकायला येतो. तो आला की मी उठून कुकर लावते. काय होणार ते ठाऊक असतं.

चिडते हो मी फार. या वयात एवढं चिडू नये हे कळतं. पण तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून कुणाशी बोलू? तुम्ही गेलात फेब्रुवारीत, सीझन सुरू व्हायच्या आधी. दोन महिने थांबला असतात तर काय बिघडलं असतं? असं मनात येतं, आणि मग स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तुम्ही पहिल्यांदा इथं अमेरिकेत, अर्विंगला राहायला आलात तेव्हा खरं सांगते, माझ्या मनात आलं होतं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. ईरा तान्ही होती, घर लहान होतं, आणि तुम्ही शाळेत गणित शिकवलेल्या बाई. मी चौथीतून उठलेली. पुढचं सगळं नितीनच्या पुस्तकांतून शिकले, तो पास झाला की मीही पास. म्हटलं, या बाई आता माझ्या फोडणीचंसुद्धा गणित काढणार. घरात दोन आया नकोत म्हणून केतकी मला 'अहो आई' म्हणायची आणि तुम्हाला नुसतं 'आई'. त्या 'अहो'चाही मला तेव्हा राग यायचा. वेडीच होते मी.

मग ते टीव्हीचं झालं. नितीन-केतकी ऑफिसला, ईरा झोपलेली, आणि तो मेला रिमोट आपल्याला चालेना. टीव्ही एकाच चॅनेलवर अडकून बसला आणि त्यावर पांढऱ्या विजारी घातलेली माणसं उभी. नुसती उभी. तुम्ही म्हणालात, हे कुणाची तरी वाट बघताहेत. अर्ध्या तासानं त्यातला एक पळाला. मेथी निवडायला तो खेळ आपल्याला फारच सोयीचा वाटला. खाली बघून दहा काड्या निवडल्या तरी वर काही घडलेलं नसायचं. पुढं पुढं तर आपण मापच लावलं होतं, एक जुडी मेथी म्हणजे तीन इनिंग, गवार असेल तर पूर्ण मॅच.

नियम आपले आपणच लावले. तुम्ही म्हणालात, यात शेवटी काय, तर घरून निघायचं, तीन ठिकाणी टेकायचं आणि परत घरी पोचायचं, की झाला एक रन. मी म्हटलं, मग निघायचं कशाला? तुम्ही इतक्या हसलात की मेथी सांडली. आणि जरा वेळानं, कुणीतरी तिसऱ्या बेसवर नुसताच उभा राहून डाव संपला, तेव्हा हळूच म्हणालात की आपण दोघी तिथंच आहोत. मी सांडलेल्या काड्या वेचत राहिले.

आता मुद्द्यावर येते.

तुम्हाला त्या दिवशी न्यूमोनियानं धाप लागली होती आणि नितीन गाडी काढत होता. चपला घालताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, देवाचं तेवढं बघा. म्हणजे पूजेचं. तुमच्या आईनं तुम्हाला दिलेला तो बोटभर बाळकृष्ण, साताऱ्याहून पर्समधून आणलेला, तो तुम्ही माझ्या हवाली केलात. तेव्हापासून मी रोज त्याला आंघोळ घालते, गंध लावते, दुधाची वाटी दाखवते. एक दिवस चुकवलेला नाही.

आणि मग ऑगस्टमध्ये एका दुपारी, बाहेर अंगण तापून निघालेलं, टीम पुन्हा तशीच नवव्या इनिंगला हरली. नितीन येता-जाता म्हणाला, "आई, ही टीम होपलेस आहे यार. सबस्क्रिप्शन कॅन्सल करू का?" सहज म्हणाला तो. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. तुमची माझी टीम, आणि हा कॅन्सल करणार! मी उठले, देवघरासमोर गेले, बाळकृष्ण उचलला, स्टीलच्या डब्यात पाणी घेतलं आणि त्याला आत ठेवलं. म्हटलं, आता बस. टीम जिंकेपर्यंत बाहेर काढायची नाही.

तुम्हाला सांगायला नकोच, देव पाण्यात कशासाठी ठेवतात ते. घरात जिवावरचं दुखणं असलं, कुणी परतायचं राहिलं असलं, तर शेवटचा उपाय म्हणून. इच्छा पुरी झाली की मगच काढायचा. पोरांच्या परीक्षेला लोक ठेवतात तेव्हासुद्धा माझी आई नाकं मुरडायची. आणि मी ठेवला कशासाठी, तर जावईबापूंच्या बॅटला चेंडू लागावा म्हणून.

खरं सांगू? जिंकण्यासाठी ठेवला की रागानं, हे मलाच नक्की ठाऊक नाही. पाणी ओतताना मी मनात त्याला म्हणत होते, तिला नेलंस, तेव्हा मी काही बोलले नाही. आता निदान एवढं तरी कर.

डबा मी माझ्या खोलीत खिडकीत ठेवला, वर ताटली. देवघरात पाळण्यावर रुमाल घातला, देव निजलाय असं दाखवायला. अशी लपवाछपवी मी उभ्या जन्मात केली नव्हती, विहीणबाई. सकाळी केतकी जाता जाता देवघराला हात जोडायची, रिकाम्या पाळण्याला, आणि मी फोडणीत तोंड खुपसून उभी राहायची.

आणि टीम? तुम्हाला काय वाटतं? हरतच गेली. देव पाण्यात आणि टीमही पाण्यात.

रोज वाटायचं, आज जिंकतील आणि संध्याकाळी गुपचूप काढून पुसून जागेवर ठेवीन, कुणाला कळायचं नाही. रोज पाणी बदलायची. अष्टमी जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली. पाळण्यात घालायचं कुणाला? नवस मोडून काढावा तरी पंचाईत, न काढावा तरी पंचाईत.

बिंग फोडलं ते आपल्या नातीनं. तिला डबा सापडला. ती कुणाला विचारत बसली नाही, तिच्या टबातलं पिवळं प्लॅस्टिकचं बदक आणलं आणि देवासोबत पाण्यात सोडून दिलं. मग खाली जाऊन आईला सांगितलं, "ममा, गॉड इज स्विमिंग इन आजीज रूम. ही वॉज लोन्ली, सो आय गेव्ह हिम माय डक."

केतकी त्या दिवशी घरून काम करत होती. ती वर आली, ताटली उचलली, आणि बघत राहिली. मला एकदा वाटलं, सांगावं की चिंचेनं घासायला भिजत घातलाय. ओठांवर आलं होतं. पण तुमचे डोळे आहेत हो तिला, वर्गात कॉपी पकडणारे. म्हटलं, टीम हरतेय ना सारखी, म्हणून ठेवला.

आधी ती हसली. खरंच हसली, कितीतरी दिवसांनी. आणि मग हसताहसताच तिचा चेहरा बदलत गेला. मला हॉस्पिटलातला तिचा फोन आठवला त्याच क्षणी, आणि तिलाही तोच आठवत होता हे मला दिसलं.

"आईच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. डब्यावर ताटली परत ठेवली आणि खाली गेली.

तुम्हाला हे माहीत नाही. की आहे? तुम्ही आयसीयूत होतात, नळ्या लावलेल्या. केतकीनं बाहेरून मला फोन केला होता की अहो आई, बाळकृष्ण पाण्यात ठेवाल का, मला पद्धत माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. आणि मी तिला म्हटलं की देवाला कशाला वेठीला धरायचं बाळा, डॉक्टर करताहेत ना. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

त्यानंतर सहा महिन्यांत तिनं त्याचा एका अक्षरानं उल्लेख केला नव्हता. मी समजत होते ती विसरली.

दोन दिवस घरात सगळं गोड बोलणं. 'अहो आई, मीठ देता का?' 'अहो आई, ईराची बस आली.' भांडली असती तर बरं वाटलं असतं. नितीनला कळलं तेव्हा तो दोन्हीकडून समजूत घालायला आला. मला म्हणतो, "आई, सिंपल आहे ना, काढून टाक. इट्स जस्ट अ डबा." माझाच लेक, पण बायकांच्या गोष्टीत अगदी जावईबापू. मी त्याला म्हटलं तू जा, तुझी मीटिंग असेल.

मग अष्टमी उजाडली. इथं जन्म आम्ही संध्याकाळीच करतो, तुम्हाला ठाऊकच आहे, इथं देवालासुद्धा ऑफिसच्या वेळा बघून जन्माला यावं लागतं. आणि त्याच दिवशी दुपारची मॅच. म्हटलं, ही शेवटची संधी. जिंकले तर देव मानानं बाहेर येईल, केतकीपुढं मान वर करता येईल. सकाळी सुंठवडा कुटला, दहीपोह्याचे पोहे निवडले आणि दीड वाजता टीव्ही लावून बसले. डबाही खाली आणला, शेजारी ठेवला. बदक मी काढलं नव्हतं. देवाला सोबत होती ती मी कशाला तोडू?

काय खेळले हो त्या दिवशी! जावईबापूंनी चेंडू असा हाणला की थेट प्रेक्षकांत. मी उभी राहून टाळ्या पिटल्या. सातवी इनिंग, आठवी, आपण पुढं. माझा हात दोनदा डब्याकडे गेला. म्हटलं, थांब, घाई नको. आणि नवव्या इनिंगला समोरून कोण चालत आला? पानवाला.

मी कुकर लावायला उठले नाही. बसून राहिले, पदर तोंडात धरून. तो एकेकाला फुकट बेस देत गेला. मग एक चेंडू उडाला, आपल्या दोघा जणांच्या मधे पडला, एकानं दुसऱ्याकडे बघितलं, तुझा की माझा, आणि तेवढ्यात त्यांची माणसं एकामागून एक घरी. संपलं. मी त्या टीव्हीला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. गिरणीवर बायका भांडायच्या तेव्हाचे शब्द होते, इतकी वर्षं कुठं दडून बसले होते कोण जाणे.

वर केतकीची मीटिंग चालली होती. ती अर्धवट टाकून खाली धावली, तिला वाटलं मी पडले.

मी पडले नव्हते. डब्यासमोर बसले होते. हात घालायचा आणि त्याला बाहेर काढायचा, एवढंच करायचं होतं, आणि हात जाईना. ती दारात उभी राहिली. म्हणाली, "अहो आई, काय झालं?"

तेव्हा मी तिला सांगितलं. जे तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

आमचे हे आजारी पडले तेव्हा मी आमचा गणपती पाण्यात ठेवला होता. तांब्याच्या घंगाळात, चुलीच्या बाजूला. रोज पाणी बदलायची, रोज त्याला बजावायची. आणि हे गेले. मग घरात माणसंच माणसं, रडारड, स्वयंपाक, दिवस करायचे, त्यात देव कुणाच्या ध्यानात राहतो? तेराव्याचं जेवण उरकल्यावर मी भांडी आवरत होते आणि घंगाळात बघितलं. पाण्यावर तवंग आला होता. तो आत तसाच बसलेला. ठेवताना सगळे सांगतात कसा ठेवायचा, कुणाकडे तोंड करायचं, काय बोलायचं. गेल्यावर कसा काढायचा हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी हात घातला आणि काढला. चितेपाशी बायकांना नेत नाहीत आमच्याकडे. हे गेले हे मला त्या वेळी, त्या गार पाण्यात हात घातल्यावर कळलं.

म्हणून तुझ्या आईच्या वेळी नाही म्हटलं, मी केतकीला म्हणाले. "ठेवला असता तर काढायला मीच होते गं. टीमचं काय, आज हरली तरी उद्या खेळते. टीमसाठी माझी हिंमत झाली."

ती आत येऊन डब्याशेजारी बसली. टीव्हीवर हरलेली पोरं सामान गोळा करत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल की जाऊ द्या, मला कळतं. पण तुमची लेक आहे ती, चुकीच्या उत्तराला गुण देत नाही.

"मी तिथं खुर्चीवर नुसती बसून होते," ती म्हणाली. "मला काहीच करता येत नव्हतं. म्हणून फोन केला होता. तुम्ही ठेवला असतात तर निदान घरात कुणीतरी काहीतरी करतंय एवढं वाटलं असतं मला."

विहीणबाई, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. सहा महिने मी माझ्या हातांचा विचार करत होते. तिचे हात रिकामे होते, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. मी तुमच्या देवाची राखण केली, गंध लावलं, दूध दाखवलं, आणि तुमची लेक हॉस्पिटलच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एकटी होती तेव्हा तिला शहाणपण शिकवून फोन ठेवला. तुम्ही मला 'देवाचं बघा' म्हणालात, लेकीचं बघा असं म्हणायची गरज तुम्हाला वाटली नसणार. ते मी न सांगता बघेन, हे तुम्ही धरून चालला होतात.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं तेवढ्यात बाही वर सारली, डब्यात हात घातला आणि बाळकृष्ण बाहेर काढला. बदकही काढलं. म्हणाली, "टॉवेल द्या." मी टॉवेल दिला. तिनं तो पुसला, कानामागं, बोटांच्या बेचक्यांत, तान्ह्या ईराला पुसायची तसा. मग मी रडले, ती रडली, आणि ईराची बस आली म्हणून दोघींनी डोळे पुसले.

संध्याकाळी जन्म झाला. पाळणा केतकीनं म्हटला. दोन कडव्यांनंतर विसरली, तिथं मी उचलला. नितीननं सुंठवडा तीनदा मागितला. सगळं छान झालं, पण मी मोकळी झाले असं समजू नका. केतकी माझ्याशी आता नीट बोलते, भाजीत मीठ कमी पडलं तर सांगते. तरी त्या फोनमधलं तिचं 'बरं' मला अजून ऐकू येतं. ते जायचं नाही, आणि जावं असं मी म्हणणारही नाही.

काल परत मॅच होती. मी लावणार नव्हते. तर केतकी लॅपटॉप मिटून आली आणि तुमच्या खुर्चीत बसली. मला म्हणते, हा का पळाला? मी सांगितलं. आणि हा का नाही पळाला? तेही सांगितलं. सगळं चुकीचं सांगत असेन, तुम्ही असतात तर टोकलं असतंत. टीम हरली. यंदा ती शेवटून पहिली येणार बहुतेक. टीव्ही बंद करताना केतकीनं विचारलं, "उद्या किती वाजता आहे?"

तर तुम्हाला शब्द देते. पुढं कधी या घरात कुणी आजारी पडलं आणि केतकी मला म्हणाली, अहो आई, देव पाण्यात ठेवा, तर मी एका शब्दानं शहाणपणा करणार नाही. ठेवीन. तिला पद्धत शिकवीन, तिच्याकडूनच पाणी घालून घेईन. आणि काढायची वेळ वाईट आली, तर तिला एकटीला काढू देणार नाही. खेळासाठी मात्र पुन्हा कधी नाही. जावईबापूंनी आपलं आपण बघावं.

एकच विचारायचंय. तुम्हाला त्या नळ्यांमध्ये कुणी सांगितलं होतं का, की मी नाही म्हटलं? पडल्या पडल्या तुम्ही वाट बघितली होती का, की घरी विहीणबाईंनी देव पाण्यात ठेवला असेल? बघितली असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी ऐकून घेईन. हातातलं काम बाजूला ठेवून लवकर लिहा, पत्र नाही जमलं तर स्वप्नात येऊन सांगा. पण केतकीच्या नाही, माझ्या स्वप्नात या.

तुमचीच,
इंदू विहीण